इन्शाल्ला जोडून लिहावे की तोडून?

गेल्या रमजानमधली गोष्ट. आमच्या खानदानाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. उमरग्यापासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून शारजापर्यंत पांगलेले पन्नास-साठ लोक त्यात आहेत. रात्री दीड वाजता माझ्या पुतणीचा मेसेज आला. तिच्या आईचे, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीचे, सकाळी सोलापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन होते. पोरीने रोमन अक्षरांत, स्वर गाळत, घाईने लिहिले होते: अम्मीचे ऑपरेशन सकाळी आहे, दुवा करा, इन्शाल्ला सगळे नीट होईल.

पाच मिनिटांत पहिले उत्तर आले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने लिहिले, 'बेटा, इन्शाल्ला असे जोडून लिहू नये. अर्थ बदलतो. गुनाह होतो. तीन शब्द तोडून लिही.' दुसऱ्याने त्याला दुजोरा देणारा एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. तिसऱ्याने तो फॉरवर्ड खोटा असल्याचा दुसरा फॉरवर्ड टाकला. सहरीची वेळ होईपर्यंत एकेचाळीस मेसेज झाले. जोडून की तोडून! मीही गप्प बसलो नाही. चौतीस वर्षे मराठी शिकवलेला मास्तर मी. मी लिहिले, 'दुवा नव्हे, दुआ.' या एकेचाळीस मेसेजांत एकानेही विचारले नाही की दवाखान्यात सोबत कोण आहे, रक्ताची सोय झाली काय, पैसे आहेत काय. पोरीने शेवटी 'सॉरी' लिहिले. त्यातही एक अक्षर कमी होते, पण तेवढे कुणी दाखवून दिले नाही.

भावजय आता बरी आहे. पण त्या रात्रीने माझ्या डोक्यात जो किडा सोडला तो गेलेला नाही. आपण शुद्ध-अशुद्ध म्हणतो तेव्हा नेमके काय करतो? भाषा राखतो, की समोरच्याचे तोंड बंद करतो?

आधी त्या फॉरवर्डचाच निकाल लावू. त्याचे म्हणणे असे की अरबीत 'इन्शा' म्हणजे निर्माण करणे, म्हणून जोडून लिहिले तर नाऊजुबिल्लाह 'अल्लाहला निर्माण करा' असा अर्थ होतो. 'इन्शा' हा शब्द आहे, हे खरे. रचना, निबंध, पत्रलेखन या अर्थाने तो उर्दूतही आहे. अरबी लिपीत 'इन', 'शाअ' आणि 'अल्लाह' हे तीन शब्द सुटे लिहितात, हेही खरे. पण आमची पोर अरबी लिहीत नव्हती. ती रोमन अक्षरांत आपल्या तोंडचा उच्चार उतरवत होती. आपण बोलताना त्या तीन शब्दांमध्ये दोन ठिकाणी थांबतो काय? उमरग्याच्या बाजारात 'इन्शाल्ला उद्या पैसे देतो' म्हणणाऱ्या माणसाला ऐकणारा काय समजतो, हे कुणाला समजावून सांगायला हवे काय? उद्या पैसे मिळणार नाहीत, एवढे तो बरोबर समजतो!

अशा फॉरवर्डांचे हे खानदान जुने आहे. व्हॉट्सॲप यायच्या आधी ते एसएमएसवर फिरत होते. त्यात सांगितलेले असे की इंग्रजीत 'मॉस्क' लिहू नका, तो शब्द मच्छरावरून आला. 'मेक्का' लिहू नका, त्याचा अर्थ दारूचे घर. पैगंबरांच्या नावाचे इंग्रजी लघुरूप लिहू नका, त्याचा अर्थ कुत्रा. आमच्या गावात चांगल्या शिकलेल्या माणसांनी हे वाचून लग्नपत्रिका बदलून छापल्या. खरे काय आहे? 'मॉस्क' हा 'मस्जिद'चाच प्रवास करून आलेला अवतार आहे. अरबीतून स्पॅनिशमध्ये 'मेस्किता', तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. मच्छराचा शब्द स्पॅनिशमधल्या माशीवरून आला. दोघांचा काडीचा संबंध नाही. सौदी सरकारने 1980 च्या दशकात मक्केचे अधिकृत इंग्रजी स्पेलिंग बदलले ते अरबी उच्चाराच्या जवळ जावे म्हणून. दारूच्या घराची भीती तिथे कुणाला पडली नव्हती. म्हणजे शुद्धतेच्या नावाने आपण जे वाटत होतो ते शुद्ध अज्ञान होते, आणि वाटताना सवाब मिळतो अशी आपली समजूत होती.

कर्माचे मोल नियतीवर नव्हे, नियतीवर... पाहा, माझा मोबाईलच मला लिहू देत नाही. 'नियत' लिहिले की त्याला 'नियती' हवी असते. तर कर्माचे मोल नियतवर ठरते, हे मकतबमधले पहिलीचे पोरही सांगेल. मग दीड वाजता आईच्या उशाशी बसून लिहिणाऱ्या पोरीची नियत आम्हाला दिसली नाही, तिची अक्षरे तेवढी दिसली, हे कसे?

आता दुसऱ्या बाजूकडे येतो. ती माझी स्वतःची बाजू आहे, मराठी मास्तरांची. आमची तक्रार अशी की पोरांनी मराठी बिघडवली. देवनागरी सोडली, रोमनमध्ये लिहितात, स्वर गाळतात, 'काय करतोयस'चे पाच अक्षरांत भजे करतात. ही तक्रार करणाऱ्यांनी एकदा विचारावे की रोमनची सवय लागली कुठून. पोरांनी हौसेने लावून घेतली नाही. साध्या फोनवर एका एसएमएसमध्ये रोमनची 160 अक्षरे मावत. देवनागरीत लिहायचे तर 70, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी एक अक्षर म्हणून मोजले जाई. म्हणजे मायबोलीत लिहिण्याचा खर्च दुपटीहून जास्त! एवढे करून समोरच्याच्या फोनवर देवनागरी उमटेल याची खात्री नाही, नुसत्या चौकोनांची रांग दिसायची. संगणकावर तरी काय निराळे होते? श्रीलिपीत टाईप केलेला मजकूर आकृतीवाल्याकडे उघडला की कचरा. ज्यांनी यंत्रे केली, ज्यांनी दर लावले, ज्यांनी मराठीसाठी वेळेवर काही केले नाही, ते सगळे निर्दोष. आणि रिचार्जचे दहा रुपये पुरवून पुरवून वापरणारा परंड्याचा पोरगा मराठीचा मारेकरी!

रोमनमध्ये घोळ होतो, हे मी नाकारत नाही. के, ए, एल ही तीन अक्षरे म्हणजे काल, काळ, कळ की कल, हे मागचापुढचा संदर्भ पाहूनच समजते. पण देवनागरीतही यंत्राने आमचे हाल केलेच. 'दऱ्या' लिहायला लागणारा तो अर्धा र बऱ्याच जणांना सापडत नाही, मग 'डोंगरदऱ्या'चे 'डोंगरदर्या' होते. दर्या म्हणजे समुद्र! आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि मोबाईलने बालाघाटात समुद्र आणून ठेवला.

स्वर गाळण्याचे म्हणाल तर ते आपल्याला नवे नाही. अरबी-फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. वाचणारा आपल्या मनाने भरतो. कुरआनच्या सुरुवातीच्या हस्तलिखितांत जेर, जबर, पेश नव्हते. अरबी मायबोली नसलेल्या नव्या मुसलमानांना वाचता यावे, म्हणून त्या खुणा पुढे आल्या. म्हणजे लेखनाचे नियम नवख्याच्या सोयीसाठी आले, त्याला दारातून हाकलण्यासाठी नव्हे. मराठीचेच पाहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद सहसा पाळत नसत. त्या मोडीत पेशवाईचा कारभार झाला, तह झाले, जमिनी दिल्या-घेतल्या गेल्या. कुणाचे इनाम वेलांटी चुकली म्हणून खालसा झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम शासनाने 1962 साली मान्य केले. 1972 साली त्यात आणखी 4 ची भर पडली. त्याआधी 'घरें', 'त्यानें', 'करणें' असे डोक्यावर टिंब देऊन लिहावे लागे. न उच्चारल्या जाणाऱ्या त्या टिंबांपायी किती पोरांनी छड्या खाल्ल्या असतील! मग एके दिवशी नियम बदलला, आणि काल ज्याच्यासाठी छडी पडत होती तेच आज बरोबर झाले. माणूस तोच, शब्द तोच. मी त्या नियमांचा शत्रू नाही. मी आयुष्यभर ते शिकवले, पाठ्यपुस्तकाला आणि कायद्याच्या कागदाला ते हवेतच. पण ते माणसांनी ठरवले, माणसांनी बदलले, एवढे तरी लक्षात असू द्या. आकाशातून उतरले असल्यासारखे त्यांचे दांडके करू नका.

बिघडलेल्या शब्दांचा तिरस्कार करणाऱ्याने लिहायला बसण्यापूर्वी आपल्या टेबलावर नजर टाकावी. ज्या खुर्चीवर तो बसतो ती अरबी 'कुर्सी'. शाई म्हणजे 'सियाही'. दौत म्हणजे 'दवात'. कागद 'कागज', लेखणी नको असेल तर कलम आहेच. लिहील तो 'मसुदा', मूळ 'मुसव्वदा'. तो कुणाकडे पाठवण्यासाठी 'शिफारस' लागली तर तीही 'सिफारिश'ची मोडतोड. खिसा, अब्रू, जिल्हा, तालुका, फडणीस, चिटणीस, सगळे शब्द मराठी तोंडात येऊन मोडले आणि मोडून मराठी झाले. फारसीच्या कुण्या मौलवीने तेव्हा नाक मुरडले असेलच. तसेच उलट दिशेनेही झाले. आपल्या घरातली दखनी घ्या. 'नक्को' कुठून आला? 'मैंच जातूं' मधला तो 'च' कुणाचा? मराठीचा. लखनौकडचे लोक त्यावर हसतात. पुण्याकडचे लोक आपल्या 'पानी'वर हसतात. दोन्हीकडून हसे होणाऱ्या माणसाने तरी तिसऱ्यावर हसू नये, पण आपण हसतो.

भाषा शुद्ध करायचे प्रयत्नही काही कमी झाले नाहीत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यानंतरचे पेशव्यांचे दप्तर उघडा, फारसी शब्द तसेच नांदताना दिसतील. माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. 1925 साली त्यांचा फार्शी-मराठी कोश आला, आणि पुढे हेच माधव जूलियन भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. सावरकरांच्या चळवळीतून 'महापौर' आला आणि रुजला, 'दिनांक'ही आला. पण अर्जावर दिनांक लिहिणारा माणूस कोर्टात जाताना 'तारखेला' जातो.

हा आजार एका धर्माचा नाही, हे सांगायला मला हैदराबादला जावे लागेल. लांब नाही, कारण 1948 पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. तिथे 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, उर्दू माध्यमाचे. हिंदुस्थानी भाषेत उच्च शिक्षण, फार मोठी गोष्ट. त्यासाठी भाषांतराचे खाते काढले, दारुल तर्जुमा. विज्ञानाचे, कायद्याचे शेकडो शब्द घडवले, बहुतेक अरबी-फारसीच्या टांकसाळीतून. त्या शब्दांचे नळदुर्गच्या कुळाला काय कळत होते? जेवढे आजच्या कुळाला 'भ्रमणध्वनी'चे कळते तेवढेच. पंडित असो की मौलवी, बंद खोलीत शब्द पाडायला बसला की तो रस्त्यावरच्या माणसाला विचारत नाही.

आणि रस्त्यावरचा माणूस काय करतो? तो 'मिसकॉल' तयार करतो. फोन करायचा, पण उचलायच्या आत ठेवायचा, म्हणजे पैसे जात नाहीत आणि निरोप पोचतो. ही गरिबांची युक्ती, आणि 'मिसकॉल देणे' हा तिच्यासाठी गरिबांनी दिलेला शब्द. इंग्रजीत मिसकॉल 'दिला' जात नाही, 'होतो'. आपण त्याला देण्याघेण्याची वस्तू केले. तसेच 'रिचार्ज मारणे', 'नेट मारणे', 'स्टेटस ठेवणे', 'सीन करून सोडणे'. शब्द परका, क्रियापद आपले. हीच तर मराठीची जुनी खोड. 'हजर होणे', 'रद्द करणे', 'बरखास्त करणे' याच साच्यातून निघाले. हे शब्द नको असतील तर नका वापरू, पण मराठी मेली म्हणून छाती पिटू नका. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन हजार वर्षांची भाषा 'डीपी' आणि 'रील'ने मरते काय?

'दुवा'चीच गंमत सांगतो, म्हणजे त्या रात्री मी जी चूक काढली तिचीही वासलात लागेल. अरबी 'दुआ' मराठीत 'दुवा' झाली. मराठीत आणखी एक 'दुवा' आहे, साखळीतला, जोडणारा. संगणकाच्या मराठीत 'लिंक'ला शब्द हवा होता, तेव्हा हाच 'दुवा' पुढे आला. आता आमच्या गावच्या एका आजारी चाचांना नातवाने लिहिले, 'दुवा पाठवतो.' चाचा दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी समजले की ती मोबाईल कंपनीच्या ॲपची लिंक होती.

येथवर हसण्यासारखे आहे. पुढे नाही.

ज्या चुकांवर आपण बोलायला हवे त्यांवर आपण बोलत नाही. माझ्या पत्नीचे नाव एका सरकारी यादीत आले तेव्हा आडनाव 'शाईख' छापले होते. कारकुनाने लिहिले नव्हते. इंग्रजीतल्या नावावरून यंत्राने देवनागरी केले होते. शेखमध्ये शाई आली! पठाणचे 'पाठन' मी पाहिले आहे, बेगमचे 'बेगुम' पाहिले आहे. आपल्या मराठवाड्यात नाव लिहायची रीत 'शेख अमुक शेख तमुक', 'सय्यद अमुक सय्यद तमुक'. फॉर्ममध्ये रकाने तीन: नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव. मग कुणाचे पहिले नावच 'शेख' होते, कुणाचे आडनाव दोनदा येते, कुणाची 'बी' गळते. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिले गेले. तेव्हापासून बँक, रेशन, शाळा, शेतीचा उतारा, सगळीकडे नाव अक्षराला अक्षर जुळावे लागते. पत्नीचे ते नाव दुरुस्त करायला आम्ही एका कार्यालयात चार खेपा घातल्या. खिडकीमागच्या मुलाने विचारले, 'नक्की शेख कसं लिहिता तुम्ही? प्रत्येकाचं वेगळं असतं.' आता त्याला काय सांगावे? इंग्रजीत आमच्या एकाच घरात शेख तीन तऱ्हेने लिहिला गेला आहे, आणि तिन्ही वेळा लिहिणारा आमच्यापैकी नव्हता. दाखला भरणारा मास्तर होता. कदाचित मीच!

हे गमतीवर सोडून देता येत नाही. आसाममध्ये 31 ऑगस्ट 2019 रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तिच्याबाहेर 19 लाख 6 हजार 657 माणसे राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरे, ही तफावत तिथे अनेकांच्या गळ्याला फास झाली. वेलांटीने माणूस परका ठरतो तो असा. शुद्धलेखनासाठी रात्र जागवायचीच असेल तर ती इथे जागवा. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांचे कागद गोळा करा, नावे जुळवून पाहा, अर्ज लिहून द्या. आमच्या एकेचाळीस मेसेजांचे श्रम तिथे लागले असते तर दहा घरांचे कागद सरळ झाले असते.

आणखी एक. अधिकाराने केलेल्या बदलाला कुणी अशुद्ध म्हणत नाही. 24 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्राने उस्मानाबादच्या धाराशिव या नावाला मान्यता दिली. त्या वादात मी शिरत नाही. बोलणारे बोलले, न्यायालयात गेले, 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवले. मीही आता पत्त्यात धाराशिव लिहितो. तोंडात चुकून उस्मानाबाद येते, आणि शेळी तर अजून उस्मानाबादीच आहे. माझे म्हणणे एवढेच की एका आदेशाने लाखो माणसांच्या पत्त्याचे लेखन बदलले ते आपण सगळे शिकलो, आणि गरजेपोटी पोरांनी बदललेले लेखन मात्र आपल्याला वाचवत नाही. लोकांनी केलेला बदलही याच शहरात आहे. ख्वाजा शम्सुद्दीन गाजींच्या दर्ग्याचे नाव आमच्याकडे 'शमशोद्दीन' असे लिहितात. फलकांवर तसे, उरुसाच्या बातम्यांत तसे. अरबी व्याकरणाने ते चूक. पण हिंदू-मुसलमान पिढ्यान्पिढ्या त्याच नावाने हाक मारत आले.

आता जे लिहायला मन धजत नाही ते लिहितो. आपल्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षे फोनवरचा, एसएमएसवरचा, व्हॉट्सॲपवरचा तलाक ग्राह्य धरला. नवऱ्याने अंगठ्याने तीनदा एक शब्द लिहून पाठवला की संसार मोडला. त्याचे स्पेलिंग कुणी तपासले होते काय? स्वर गाळले होते की नव्हते, अरबी उच्चाराप्रमाणे तो शब्द उमटला होता की नाही, याचा फॉरवर्ड कधी फिरला काय? 'तोडून लिही, गुनाह होतो' असे त्या नवऱ्याला कुणी बजावले काय? हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला होता. त्यानंतर 51 वर्षांनी, 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला, आणि 2019 च्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या तलाकचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. त्या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदीबद्दल मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण आपली शुद्धलेखनाची कळकळ कुणापुढे जागी होते आणि कुणापुढे झोपते, हे यात स्वच्छ दिसते. नवऱ्याचा मोडका शब्द वैध, पोरीचा मोडका शब्द गुनाह.

माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूत चौथी शिकले. 1948 च्या सप्टेंबरनंतर या जिल्ह्यातल्या मुसलमानांवर जे गुजरले ते जुन्या घरांना माहीत आहे. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद होते. त्यातून सावरत वडिलांनी विशीनंतर देवनागरी शिकली, कारण कचेरी मराठी झाली होती. ते मराठी लिहीत ती उर्दूच्या सवयीने, ऱ्हस्व स्वर गाळून. मी डी.एड.ला असताना त्यांचे पत्र आले. मी नवा नवा मास्तर होणार होतो. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते पत्र लाल शाईने तपासून त्यांच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावून सगळ्या चुका वाचल्या, 'बरोबर है' म्हणाले. पुढे दर महिन्याला मनीऑर्डर येत राहिली. संदेशाची जागा कोरी.

आपल्या संमेलनाचे आणि वार्षिकांचे हे जे सगळे चालले आहे, ते 1990 साली सोलापूरला पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनात उभे राहिले ते कशासाठी? आम्हीही मराठी आहोत, आमच्या तोंडची मराठी जशी आहे तशी मराठीच आहे, हे सांगण्यासाठी. त्याच वर्षी यू. म. पठाण सर पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे प्रमाण मराठीचे मैदानही आपल्याला परके नव्हते. दोन्ही करता येते. पण मधल्या काळात आपणही दारावर बसलो. 'टंकलिखित, शुद्ध, कागदाच्या एका बाजूस' अशी पाटी लावली. आता बायका-पोरी रात्री कामे आटोपून मोबाईलवर लिहितात. 2016 नंतर नेट स्वस्त झाले तेव्हापासून आपल्या समाजात जेवढ्या बायका रोज काहीतरी लिहितात, तेवढ्या माझ्या हयातीत मी कधी पाहिल्या नव्हत्या. ते लेखन कसे आहे? मोडके आहे. दखनीत सुरू होते, मराठीत वळते, रोमनमध्ये असते. त्यात चुका आहेत, आणि काही चुकांना माझीही क्षमा नाही. औषधाचे प्रमाण, तारीख, माणसाचे नाव, पैशाचा आकडा, हे चुकता कामा नये. दंगलीच्या दिवसांत 'काल' की 'काळ' हे न पाहता पुढे ढकललेला मेसेज घर जाळू शकतो. ज्याला नीट लिहिता येते त्याने आळसाने बिघडवू नये. पण ज्याला येत नाही त्याचे ऐकून घ्यावे लागेल, मग शिकवता येईल. आम्ही उलटे केले.

उलटे मीच केले. सहा-सात वर्षांपूर्वी एका वार्षिकासाठी आलेले साहित्य मी वाचून देत होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने व्हॉट्सॲपवर कथा पाठवली होती, तुकड्या-तुकड्यांत, सतरा मेसेज, सगळे रोमनमध्ये. तिची आई मणेरीण. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन खेडोपाडी जाणारी. कुठल्याशा फॉरवर्डवरून तालुक्यात वातावरण तापले, आणि त्या वर्षी नागपंचमीला गावात तिला कुणी वाड्यावर बोलावले नाही. ती वेशीजवळ पारावर बसून राहिली. दुपारी एक म्हातारी पाटलीण काठी टेकत आली आणि नुसता हात पुढे केला. त्या हाताला बांगडी चढेना, सांधे सुजलेले. मणेरणीने तेल मागितले. एवढीच कथा. मी उत्तर दिले: 'रोमन मजकूर स्वीकारला जात नाही. ऱ्हस्व-दीर्घ, न-ण तपासून प्रमाण मराठीत पुन्हा पाठवावे.' तिने अंगठा पाठवला. कथा परत आली नाही.

त्या रमजाननंतर मी जुना फोन शोधून काढला. चालू झाला नाही. मग तिलाच लिहिले, देवनागरीत, की ती कथा असेल तर जशी आहे तशी पाठव, टाईप मी करीन, 'पानी'चे 'पाणी' करणार नाही. चार दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नव्हते. पाचव्या दिवशी आले, रोमनमध्ये, स्वर गाळून: 'डिलीट झाली सर. अम्मी पण गेली. आठवते का बगते.'